आठल्येसाहेब आणि धुतलेल्या फळ्या

माझा भाचा वसंत मुंबईला एका रंगांच्या कारखान्यात केमिस्ट आहे. मागच्या चैत्रात त्याला तिथल्या शोधखात्याचा मुख्य केलं. रजा काढून तो रत्नागिरीला आला तेव्हा आंबे खायचे सोडून माझ्या मागे लागला. "मामा, हाताखाली सहा माणसं दिलीत. त्यांतली चार माझ्याहून हुशार आहेत. त्यांना वागवायचं कसं?"

मी म्हटलं, "बाबा रे, मी जन्मात कुणाचा साहेब झालो नाही. कसं वागवायचं ते मला ठाऊक नाही. पण कसं वागवू नये ते साडेचार वर्षं रोज दहा ते पाच पाहिलंय. ऐकायचं असेल तर सांगतो." आणि मग दुपारभर मी त्याला आठल्येसाहेबांच्या गोष्टी सांगितल्या. तो हसत होता. मीही हसत होतो. शेवटच्या गोष्टीपाशी आलो तेव्हा दोघंही हसायचे थांबलो.

एकोणीसशे तिसाच्या सुमाराची ही हकिकत. मांडवीच्या वाटेवर मुंबईच्या एका मालकानं छोटासा कारखाना काढला होता. काजूच्या टरफलात जे काळं, जळजळीत तेल असतं, हाताला लागलं तर कातडं सोलून काढतं, त्या तेलापासून वॉर्निश आणि होड्यांच्या बुडाला लावायचा लेप करायचा, अशी मालकाची कल्पना. कल्पना चांगली होती. टरफलं इथे उकिरड्यावर पडत, आणि समुद्रातली कीड लाकूड खाते म्हणून मचवेवाल्यांना दर दोन-तीन महिन्यांनी होडी ओढून बुडाला मोरीचं तेल आणि चुना फासावा लागे. मोरी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क मासा. त्याच्या तेलाचा वास ज्यानं घेतला तो विसरत नाही. एकदा लावला की वर्षभर पुरेल असा लेप कुणी केला असता तर किनाऱ्यावरच्या माणसांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं.

हा लेप शोधण्यासाठी मालकांनी आम्हां तिघांना नेमलं. मी मुंबईचा बी. एस्सी., साठे नावाचे एक वयस्क केमिस्ट, आणि आमच्यावर जर्मनीहून आलेले आठल्येसाहेब. शिवाय धोंडू शिपाई.

साहेब उंच, गोरेपान, आणि धुतल्या तांदळासारखे स्वच्छ. त्यांचा पांढरा कोट परीट रोज खळ घालून कडक करून आणी. आमचे कोट तेलानं भोकं पडून चाळणी झालेले. साहेबांच्या कोटावर साडेचार वर्षांत एक डाग पडला नाही, आणि ह्याचा त्यांना अभिमान होता. ज्या केमिस्टच्या कोटावर डाग नाही तो काम काय करतो, असा प्रश्न मालकांना कधी पडला नाही. भट्टीच्या खोलीत ते यायचे ते नाकाला अत्तराचा रुमाल लावून, आणि उंबरठ्यावर उभे राहूनच विचारायचे, "काय, कुठवर आलं?"

सोमवारी सकाळी त्यांची सभा असे. भिंतीवर एक मोठा तक्ता टांगलेला होता. त्यावर तांबड्या शाईनं एक रेघ काढलेली. ती 'प्रगतीची रेघ'. ही रेघ फक्त वर जाऊ शकत असे. एखादा प्रयोग फसला तर साहेब म्हणत, "हा फसलेला नाही, अपूर्ण आहे. अपूर्ण प्रयोग तक्त्यावर घ्यायचे नाहीत." पहिल्या वर्षाअखेर आमच्याकडे एकही फसलेला प्रयोग नव्हता, आणि लेपही नव्हता.

शोध वेळेवर लागला पाहिजे, हे त्यांचं आवडतं वाक्य. "मिस्टर लिमये, तेलाची जळजळ घालवण्याचा शोध येत्या गुरुवारपर्यंत लागला पाहिजे." मी म्हणायचो, "साहेब, प्रयत्न करतो." ते म्हणायचे, "प्रयत्न नको, गुरुवार पाहिजे." जर्मनीत म्हणे सगळे शोध गुरुवारी लागत. जर्मनीत ते नेमकं काय करत होते हे कुणाला कळलं नव्हतं. साठ्यांचा तर्क असा की ते तिथे कोट धुवायला शिकले असावेत.

दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे, "डोळ्यांनी पाहिलंत?" ऐकायला किती शास्त्रीय. पण त्याचा उपयोग एकाच ठिकाणी व्हायचा. नको असलेली बातमी कानावर आली की साहेब चष्मा काढून विचारत, "तुम्ही स्वतः, डोळ्यांनी पाहिलंत?" पाहिलेलं नसलं तर बातमी खोटी. पाहिलेलं असलं तर "एकदाच पाहिलंत ना?" असा पुढचा प्रश्न तयार. हवी असलेली बातमी आली तर मात्र ती कुणी पाहिली, कुठे पाहिली, कशाचीच विचारपूस नसे.

आपला लेप कुणीतरी चोरणार, ही त्यांना कायमची धास्ती. म्हणून त्यांनी सगळ्या मालाला आकडे दिले. टर्पेंटाइनला चार, जवसाच्या तेलाला सात, चंद्रस राळेला अकरा. आकड्यांची वही त्यांच्या कपाटात कुलूपबंद. आम्ही आपसांतसुद्धा नाव घ्यायचं नाही. एकदा साहेब वही कपाटात ठेवून, किल्ली खिशात घालून मुंबईला गेले. इकडे टर्पेंटाइन संपलं. मी बाजारात गेलो आणि काय मागावं ह्या विचारात दुकानापुढे उभा राहिलो. आत बसलेला तय्यबभाई मला पाहून म्हणाला, "काय लिमये, चार नंबर संपला वाटतं? किती डबे देऊ?" सबंध बाजाराला आमचे आकडे पाठ होते. साहेब आल्यावर मी त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी सगळे आकडे बदलले. पुढचे दोन महिने आम्हीच गोंधळत होतो. तय्यबभाई आठ दिवसांत नवे आकडे शिकला.

काम करणारे आमच्यात खरे साठेच. पन्नाशीचे, दम्याचे, अबोल. टरफलाचं तेल मंद आचेवर तासन्‌तास ढवळत ठेवलं तर त्याची आग मरते, पण किती आच आणि किती वेळ ह्यात सगळी मेख होती. ती साठ्यांनी काढली. सहा महिने ते भट्टीशी बसत. हातांना राख आणि खोबरेल चोळत, जशा काजू फोडणाऱ्या बायका चोळतात, आणि तरी दोन्ही मनगटांवर फोड घेऊन घरी जात. एके दिवशी त्यांनी तयार तेलाचा थेंब स्वतःच्या दंडावर लावला आणि दोन दिवस ठेवला. कातडी शाबूत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाही वर करून मला दंड दाखवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

साहेबांनी मालकांना पाठवलेल्या अहवालात 'मी असे सिद्ध केले आहे' असं पहिलं वाक्य होतं. साठ्यांचं नाव शेवटल्या पानावर होतं, भट्टी दुरुस्त करणाऱ्या लोहाराच्या खाली. महिनाअखेर साठ्यांनी राजीनामा दिला आणि लांज्याला आपल्या घरी निघून गेले. साहेब सोमवारच्या सभेत म्हणाले, "संशोधनाला माणसं लागत नाहीत, पद्धत लागते." मी मान डोलावली. ती मान मी का डोलावली ह्याचा मला अजून राग येतो.

आता फळ्यांविषयी सांगतो, कारण सगळं त्यांच्यापाशीच घडलं.

लेप टिकतो की नाही हे पाहण्यासाठी आंब्याच्या लाकडाच्या वीतभर फळ्या कापून, त्यांना लेप देऊन, मांडवीच्या धक्क्याखाली दोरानं पाण्यात सोडल्या होत्या. दर महिन्याला धोंडूनं त्या वर काढून आणायच्या, साहेबांनी भिंगातून पाहायच्या, मी रजिस्टरात नोंदवायच्या आणि धोंडूनं परत सोडायच्या. साधं काम. पहिल्या खेपेला धोंडूनं फळ्या आणून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांना शेवाळ लागलं होतं, बारीक शिंपल्या चिकटल्या होत्या, चिखलाचं पाणी गळत होतं. साहेब खुर्चीसकट मागे सरले. "ही घाण माझ्या टेबलावर? धुऊन आण. पुन्हा कधी न धुता आणायचं नाही."

धोंडू गिरणीत वीस वर्षं काढून गावी परतलेला माणूस. साहेबाचं सांगणं म्हणजे त्याला देवाची आज्ञा. तेव्हापासून फळ्या लखलखीत येऊ लागल्या. साहेब भिंग लावत आणि म्हणत, "लिहा. वाढ नाही. कीड नाही. लेप अखंड." मी लिहायचो. धुतलेल्या फळीवर शेवाळ नसणारच, हे मला कळत होतं. पण कीड लाकडात भोक पाडते आणि भोक धुऊन जात नाही, तेव्हा निदान ते तरी खरं आहे, अशी मी माझी समजूत घातली होती. महिने गेले. प्रगतीची रेघ तक्त्याच्या वरच्या कडेला टेकली, तेव्हा साहेबांनी वर आणखी एक कागद डकवला.

अठराव्या महिन्यात एकदा मी फळी हातात घेतली आणि बोट काळं झालं. नाकाशी नेली, तर ताज्या लेपाचा वास. मी धोंडूला मागल्या पडवीत नेऊन विचारलं.

तो अगदी सरळपणे म्हणाला, "भाऊ, सोडणान घासला की मधी मधी लेप जातो. मग दिसाया बरा नाय दिसत. सायबांम्होरं फाटका-तुटका कसा न्यायचा? म्हनून डब्यातला वायच हात फिरवतो."

"कधीपासून?"

"पैल्यापासना."

म्हणजे नारळाच्या सोडणानं घासून त्या फळ्यांना दर महिन्याला नवा लेप मिळत होता. दर महिन्याला रंगवलेल्या लाकडाला कीड कशाला लागते? आमचा वर्षभर टिकणारा लेप महिनाभर टिकत होता की नाही, हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. धोंडूवर रागवायला मला तोंड नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं ते त्यानं मन लावून केलं होतं.

मी तसाच साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"त्याला लेप लावताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"नाही. पण तोच सांगतोय."

"त्यानं लेखी दिलंय?"

"साहेब, त्याला लिहिता येत नाही."

"मग हे निरीक्षण नव्हे, मिस्टर लिमये. ही चावडीवरची गप आहे. दीड वर्षाचा तक्ता एका शिपायाच्या बडबडीवर पुसायचा? पुढल्या आठवड्यात मालक येताहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि रजिस्टरातल्या सह्या तुमच्या आहेत, हे विसरू नका."

तिथे माझी पाचावर धारण बसली. घरी आई होती, नुकतंच लग्न झालं होतं, आणि रत्नागिरीत बी. एस्सी.ला दुसरी नोकरी म्हणजे मास्तरकी. मी मूग गिळून बाहेर आलो. मालक आले, त्यांनी चकचकीत फळ्या हातात घेऊन पाहिल्या, साहेबांच्या पाठीवर थाप मारली, आणि आता खऱ्या होडीवर लावून दाखवा, असं सांगून गेले.

खरी होडी मिळाली ती लखू तांडेलाची. लखू मांडवीचा, दर्यावर जगणारा खारवी. दोघा धाकट्या भावांबरोबर त्याचा स्वतःचा मचवा होता, कौलं, मीठ, नारळ असला माल उत्तरेकडे दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत न्यायचा. बापानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या होड्यांवर राबून तो बांधलेला. साहेबांनी त्याला कारखान्यात बोलावून खुर्ची दिली. खारव्याला खुर्ची दिलेली मी तेव्हा प्रथमच पाहिली. लेप फुकट, मजुरी कारखान्याची, आणि वर्षभर होडी ओढायची गरज नाही. "वर्षभर तिला पाण्यातून काढायचीच नाही," साहेब म्हणाले. "मध्ये काढलीस तर प्रयोग बिघडेल. वर्षाअखेर बूड डोळ्यांनी बघू."

पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या नारळीपौर्णिमेच्या आधी डागडुजी करून तयार करतात. तेव्हा वाळूवर आमचे गडी लखूच्या मचव्याला लेप देत होते आणि मी देखरेख करत होतो. लखू जवळ येऊन उकिडवा बसला. बराच वेळ काळ्या बुडाकडे पाहत राहिला.

"भाऊ, तुमी शिकल्याली मानसा. खरा सांगा. ह्याच्यावर इस्वास ठेवू ना? तीन घरांचा पोट हाय हिच्यावर."

माझ्या जिभेवर आलं होतं. दोनच शब्द होते. मी म्हटलं, "साहेबांनी सांगितलंय ना."

"सायेब सांगतात तां खरा. मी तुमाला इचारतंय."

"साहेब जर्मनीत शिकलेत, लखू," मी म्हणालो आणि गड्यांना उगाच ओरडलो की कोपरा राहिला.

लखूनं विश्वास ठेवला. दिवाळीला इतरांनी होड्या ओढून तेल-चुना केला, त्यानं केला नाही. सगळे त्याला हसले तेव्हा तो म्हणायचा, कारखान्याचा लेप हाय, भाऊंनी उभा ऱ्हाऊन लावलाय. हे मला नंतर कळलं.

माघात कौलं भरून जाताना दापोलीकडच्या बुरोंडीच्या समोर त्याच्या मचव्यात पाणी येऊ लागलं. उपसलं तेवढं भरत गेलं. हात घालून पाहिलं तर बुडाची फळी हातात चुरली. वारा सुटला होता, किनारा दिसत होता, आणि पायांखालची होडी खाली खाली चालली होती. बुरोंडीच्या कोळ्यांनी तिघा भावांना उचललं म्हणून ते वाचले. दोन दिवसांनी त्या मचव्याच्या बुडाचा एक तुकडा वाहत किनाऱ्याला लागला. तो खांद्यावर टाकून लखू रत्नागिरीला आला आणि तडक कारखान्यात शिरला.

त्यानं आरडाओरडा केला नाही. तो तुकडा साहेबांच्या टेबलावर, बरोबर मधोमध ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. लाकूड कसलं, नुसतं जाळं होतं. बोट जाईल एवढाली भोकं, त्यांत वाळू आणि शेवाळ. त्यातून पाणी झिरपून साहेबांच्या कागदांवर जात होतं.

"बघा सायेब," लखू म्हणाला. "तुमी बोल्लाव, डोल्यांनी बघावा. मी घेऊन आलाव."

साहेब खुर्चीसकट मागे सरले. भिंगाकडे त्यांचा हात गेला नाही. ते म्हणाले, "धोंडू, ही फळी आधी धुऊन आण."

धोंडू दाराशी उभा होता. तो हलला नाही. साहेबांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "ही मी धुनार नाय, सायेब."

गिरणीत वीस वर्षं आणि आमच्याकडे चार वर्षं, एवढ्या काळात त्यानं साहेबाला दिलेलं ते पहिलं उलट उत्तर असावं. मी तिथेच रजिस्टर हातात घेऊन उभा होतो. लखूनं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे नाही. मग तो तुकडा तसाच टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून अहवाल सांगितला आणि मी तो लिहिला. पद्धत निर्दोष असून अपयशाचं कारण एक शिपाई आहे, कारण तो चाचणीच्या फळ्यांना परस्पर लेप लावत असे. जी चावडीवरची गप होती तिला आता शास्त्रीय पुराव्याचा मान मिळाला. फळ्या धुऊन आणायचा हुकूम कुणाचा, हे अहवालात नव्हतं. मी विचारलं, "साहेब, हे डोळ्यांनी कुणी पाहिलं म्हणून लिहू?" एवढीच माझी बहादुरी. ते म्हणाले, "तुम्ही. खाली सही करा."

मी सही केली. धोंडूला त्याच दिवशी काढलं. तो जाताना टेबलं पुसून गेला. लखूला कारखान्यानं काहीही दिलं नाही, कारण प्रयोगाला त्यानं आपखुशीनं होकार दिला होता, असं साहेबांनी मालकांना कळवलं. मालकांना अहवाल इतका पसंत पडला की त्यांनी साहेबांना मुंबईच्या मोठ्या कारखान्यात बढती दिली. चुका इतक्या स्वच्छ रीतीनं शोधून काढणारा माणूस त्यांना तिथे हवा होता.

साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते मांडवीच्या धक्क्यावर, ते मुंबईला निघाले तेव्हा. आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहते, तिथवर पडावातून जायचं. कारखान्यातर्फे मी हार घेऊन गेलो होतो. साहेबांच्या तीन ट्रंका होत्या, एकीत सगळी रजिस्टरं. कोट कडक इस्त्रीचा. ट्रंका पडावात चढल्या, उतारू चढले, आणि साहेब शेवटच्या पायरीवर एक पाय पुढे करून थांबले.

पडाव दुसऱ्या कुणाचा होता. वल्ह्यावर बसलेल्या चौघांत लखू होता, डोक्याला फडकं बांधून. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. मी ओळखलं, आणि हार देऊन मोकळे झालेले हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

साहेब जरा वाकले. खाली पडावाच्या बुडाकडे, पाण्यात जाणाऱ्या काळ्या लाकडाकडे त्यांनी नीट पाहिलं. मग वल्ह्यावरच्या माणसाला विचारलं, "काय रे, ह्याच्या बुडाला काय लावलंय?"

लखू म्हणाला, "मोरीचा तेल आनि चुना, सायेब."

"दुसरं काही नाही ना?"

"नाय."

"कधी लावलंय?"

"पंध्रा दिस झालं."

"तू स्वतः लावलंस? डोळ्यांनी पाहिलंस?"

"माज्या हातान लावलाय, सायेब," लखू म्हणाला.

साडेचार वर्षांत साहेबांनी माझ्यासमोर केलेली ती पहिली खरी चौकशी. तिचं उत्तर त्यांना पटलं. त्यांनी खिशातून अत्तराचा रुमाल काढला, फळीवर पसरला, त्यावर बसले, आणि लखूला म्हणाले, "चल."